जुने यंत्र आणि नवे जाळे

सुरत शहराच्या पूर्वेकडील गोडादरा, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांतून हिंडताना मराठी शब्द कानावर पडल्यावाचून राहत नाही. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून ताप्तीच्या खोऱ्यातील लोहमार्गाने आलेली असंख्य कुटुंबे या बाजूस स्थायिक झाली आणि कापडाच्या धंद्यात मिसळून गेली. कोणी मागावर आहे, कोणी रंगाईत आहे, तर कोणी यंत्रावरील भरतकामात. या शेवटच्या धंद्यात आज एक प्रश्न वारंवार उभा राहतो. यंत्राचे लोखंड धडधाकट आहे, सुया चालतात, मोटर चालते. परंतु यंत्राला डिझाइन कळविण्याचा मार्गच जुना झाला आहे. अशा यंत्राचे काय करावयाचे? भंगारात द्यावयाचे, की त्यास आजच्या जाळ्याशी जोडून घ्यावयाचे?

प्रथम हे यंत्र चालते कसे, ते पाहिले पाहिजे. साडीच्या पदरावर वेलबुट्टी उठविणाऱ्या यंत्राला एका ओळीत अनेक डोकी असतात व प्रत्येक डोक्याला कित्येक सुया असतात. सुई आपल्या जागी खालीवर होते. सरकते ती कापड ताणून धरणारी चौकट. चौकटीने कोणत्या बाजूस किती सरकावे, धागा केव्हा बदलावा, हे यंत्रातील एक लहानसा संगणक सांगतो. टाजिमा या जपानी कंपनीच्या यंत्रांमुळे रूढ झालेल्या डी.एस.टी. पद्धतीत प्रत्येक टाक्यासाठी ३ बाइट एवढी माहिती लागते आणि एका टाक्यात चौकट एका दिशेने जास्तीत जास्त १२.१ मिलिमीटर सरकू शकते. म्हणजे ५० हजार टाक्यांचे डिझाइन सुमारे दीड लाख बाइटांत मावते. आज खिशातील फोनवर काढलेले एक साधे छायाचित्रही याहून कितीतरी मोठे असते.

हे डिझाइन पूर्वी भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून यंत्रास दिले जाई. म्हणूनच संगणकाच्या पडद्यावर डिझाइन तयार करण्याच्या कामास सुरतेच्या बाजारात अद्यापही ‘पंचिंग’ म्हणतात. भोके पाडण्याची ही कल्पना तर याहूनही जुनी. फ्रान्समधील लियों शहरी १८०४ साली जाकार याने पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर चालणारा माग सिद्ध केला, आणि तीच कल्पना पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात घेतली. तेव्हा विणकर आणि संगणक यांचे नाते काही कालपरवाचे नव्हे.

कागदी पट्टीनंतर फ्लॉपी आली. सोनी कंपनीने साडेतीन इंची फ्लॉपी १९८१ साली पुढे आणली. १.४४ मेगाबाइटांच्या एका फ्लॉपीवर आपले ५० हजार टाक्यांचे डिझाइन ९ वेळा मावते. तेवढे पुरेसे होते. परंतु फ्लॉपी वाचणारे डोके तिच्या चकतीला प्रत्यक्ष घासून चालते आणि भरतकामाच्या कारखान्यात धाग्याचे तंतू व धूळ यांना तोटा नसतो. चकती खराब होते, डोके मळते, आणि डिझाइन अर्ध्यावर थांबते. त्यात सोनीनेच २०११ च्या मार्चमध्ये जपानमधील फ्लॉपीची विक्री बंद केली. ज्या घराची मजुरी टाक्यांच्या हिशोबावर चालते, तेथे लग्नसराईत एका फ्लॉपीपायी यंत्र थांबले, तर त्या दिवसाची चूलही अडखळते.

यावर पहिला उपाय सोपा आहे. फ्लॉपीचा खण काढून त्याच जागी, त्याच ३४ तारांच्या पट्टीला, पेनड्राइव्ह घेणारा एक लहान खण बसवितात. यंत्रास वाटते की फ्लॉपीच फिरते आहे. प्रत्यक्षात काहीच फिरत नसते. पुष्कळशा खणांत एकाच पेनड्राइव्हवर ०० ते ९९ अशा १०० फ्लॉप्या कल्पिलेल्या असतात व बटण दाबून हवी ती निवडता येते. मात्र काही जुनी यंत्रे १.४४ मेगाबाइटांची नव्हे, तर ७२० किलोबाइटांची फ्लॉपी ओळखतात. तेव्हा खण घेताना यंत्राची पद्धत पाहूनच घेतला पाहिजे. अन्यथा खण नवा आणि यंत्र मुके, अशी अवस्था होते.

दुसरा उपाय यापुढचा आहे, आणि तोच खरोखर जाळ्याशी जोडणी करणारा आहे. अनेक यंत्रांच्या मागील बाजूस आर.एस. २३२ नावाचा जोड असतो. या पद्धतीचा पहिला दंडक १९६० सालचा. यातून माहिती एकेक बिट करून, रांगेने जाते. आजचे जाळे मात्र माहितीचे गठ्ठे बांधून, प्रत्येकावर पत्ता लिहून धाडते. दोघांची बोली वेगळी आणि वेगही वेगळा. जुन्या जोडाचा वेग सेकंदास ९६०० बिट धरला, तर एका अक्षरामागे १० बिट लागत असल्याने सेकंदास ९६० बाइट जातात. आपले दीड लाख बाइटांचे डिझाइन पोहोचावयास अडीच मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. नव्या जाळ्याला तेच काम सेकंदाच्या अंशात करता येते.

येथे दुभाष्याची गरज पडते. गोडादऱ्यातील खानदेशी घरांत हा दुभाषी पूर्वीपासून आहे. आजी अहिराणी बोलते, दुकानदार गुजराती बोलतो, कारखान्यात हिंदी चालते, आणि महानगरपालिकेच्या मराठी शाळेत जाणारा नातू मध्ये उभा राहून सर्वांचे सर्वांना समजावून देतो. आजीने गुजराती शिकली नाही, दुकानदाराने अहिराणी शिकली नाही. तरी व्यवहार अडला नाही. जुन्या यंत्राच्या आणि जाळ्याच्या मध्ये बसविलेली लहान पेटी हेच काम करते. एका अंगाने ती जाळ्यातले गठ्ठे घेते, ते सोडून आपल्याजवळ साठविते, आणि दुसऱ्या अंगाने यंत्राला झेपेल त्या वेगाने एकेक अक्षर पुढे सरकविते. यंत्राने ‘थांब’ म्हटले की थांबते, ‘दे’ म्हटले की देते. यासाठी तयार पेट्या मिळतात. किंवा २०१२ साली निघालेल्या रास्पबेरी पायसारखा, पत्त्यांच्या जोडाएवढा संगणकही हे काम करू शकतो.

जोडणी करताना दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. बोलणाऱ्याची तार ऐकणाऱ्याच्या तारेस मिळाली पाहिजे. पुष्कळदा जोड सारखे दिसतात, पण आतील तारांची अदलाबदल करावी लागते. दुसरी गोष्ट विजेची. यंत्राचा भूमीजोड आणि संगणकाचा भूमीजोड यांच्या दाबात फरक असेल, तर जोड जळू शकतो. म्हणून वीज बंद करूनच तार लावावी, आणि शक्य असेल तेथे प्रकाशाच्या साहाय्याने दोन्ही बाजू अलग ठेवणारा अलगक मध्ये घालावा. त्याचा खर्च जळालेल्या पाटीच्या खर्चापुढे थोडाच असतो.

यंत्राची गोष्ट अशी. डिझाइन करणाऱ्या जुन्या संगणकाची गोष्ट अधिक नाजूक आहे. पुष्कळ ठिकाणी पंचिंगचा जुना कार्यक्रम विंडोज एक्सपीवरच चालतो म्हणून तो संगणक जपून ठेवलेला असतो. त्याची तार आजच्या जाळ्यास बहुधा जुळते, आणि जाळ्याची मूळ बोलीही त्यास येते. कारण ती बोली १९८३ सालापासून तीच आहे. अडते ते कुलुपापाशी. आजची संकेतस्थळे सर्व बोलणे कुलूपबंद करून पाठवितात, आणि कुलुपाच्या जुन्या पद्धती प्रमुख ब्राउझरांनी २०२० साली सोडून दिल्या. जुन्या संगणकाजवळ नव्या कुलुपाची किल्ली नसते.

आणि किल्ली नसलेल्यास उघड्या रस्त्यावर उभे करू नये. एक्सपीची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या घातक कार्यक्रमाने जगभरचे संगणक ओलीस धरले. इंग्लंडमधील इस्पितळे अडली, फ्रान्समधील मोटारींचे कारखाने थांबले. त्या हल्ल्यावरील उपाय दोन महिने आधीच निघालेला होता. तो ज्यांनी लावला नव्हता, ते सापडले. यास्तव जुना संगणक थेट इंटरनेटला न जोडता, घरातील दुभाष्यापुरताच जोडावा. बाहेरून आलेले डिझाइन दुभाष्याने घ्यावे, तपासावे आणि मग आत द्यावे. जुन्याचे तोंड नेहमी आतल्या अंगणाकडे असावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे इष्ट होय. प्रत्येक जुने यंत्र राखावेच, असा याचा अर्थ नव्हे. ज्याच्या मुख्य पाटीचे सुटे भाग मिळेनासे झाले, ज्याची चौकट झिजून टाका जागेवर पडत नाही, त्यावर पैसा घालणे व्यर्थ होय. परंतु केवळ फ्लॉपी मिळत नाही एवढ्यासाठी यंत्र भंगारात जात असेल, तर तो निर्णय घाईचा आहे. निदान त्याआधी एक काम अवश्य करावे: पेटीत पडून असलेल्या सर्व फ्लॉप्यांची नक्कल नव्या साधनावर उतरून घ्यावी. चकतीवरील चुंबकी खुणा वर्षागणिक पुसट होतात, आणि त्यांच्याबरोबर कारागिरांनी रात्री जागून जुळविलेली वेलबुट्टीही नाहीशी होते. यंत्र पुन्हा विकत घेता येते. ती वेल पुन्हा पहिल्यापासून काढावी लागते.

गोडादऱ्यासारख्या वस्तीत शाळा संपवून काम शोधणारे तरुण पुष्कळ आहेत. जुन्याची भाषा जाणणारा आणि नव्याची भाषाही जाणणारा माणूस त्यांच्यातूनच घडावयास हवा. त्यास मोठे भांडवल लागत नाही. तारा नीट पाहण्याची चिकाटी, हिशोब आणि सावधपणा लागतो. असा एक तरुण गल्लीत असेल, तर तेथील कित्येक यंत्रे, आणि त्या यंत्रांवर चालणारी घरे, आणखी काही वर्षे चालू राहतील.