माणूस आणि पार्श्वभूमी : मुंबईच्या रस्त्याचे छायाचित्रण

महानगरातील रोजच्या व्यवहाराचे छायाचित्र हा छायाचित्रणाचा वरवर सर्वांत सोपा, परंतु मूल्यमापनास सर्वांत अवघड असा प्रकार आहे. वृत्तछायाचित्राला घटनेचा आधार असतो, व्यक्तिचित्राला व्यक्तीच्या ओळखीचा आणि वास्तूच्या चित्राला त्या वास्तूच्या लौकिकाचा; परंतु पदपथावर केळी विकणारी बाई, बसच्या रांगेत वर्तमानपत्र वाचणारा कारकून किंवा गिरगावातील चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेली लुगडी यांच्या चित्रामागे असा कोणताही आधार उभा नसतो, आणि म्हणून ते काढलेच कशाला, हा प्रश्न त्याच्याबाबत हटकून विचारला जातो. प्रस्तुत व्याख्यानात या प्रश्नाचा विचार मुंबईच्या संदर्भात करावयाचा आहे. त्यातील मुख्य प्रतिपादन असे, की नगरजीवनाच्या छायाचित्राचा खरा विषय माणूस आणि त्याच्या भोवतालची जागा यांच्यातील संबंध हा असतो. हा संबंध ज्या चित्रात शाबूत राहतो त्याचे मोल वर्षागणिक वाढत जाते आणि ज्यात तो तोडला जातो ते चित्र कितीही देखणे असले तरी पुढच्या पिढीला फारसे काही सांगू शकत नाही.

या प्रकाराला छायाचित्रकारांच्या बोलण्यात ‘स्ट्रीट फोटोग्राफी’ म्हणतात. सार्वजनिक जागेत, समोरच्या माणसांना उभे राहण्याची वा हसण्याची सूचना न देता, जे चालले आहे ते चालू असतानाच टिपणे, अशी त्याची स्थूल व्याख्या करता येईल. रस्ता हे येथे केवळ एक स्थळ असून मंडई, लोकलचा डबा, चौपाटी, इराण्याचे हॉटेल आणि इमारतीचा जिना या सर्वांचा समावेश या प्रकारात होतो.

छायाचित्रणाच्या आरंभकाळी हे काम तांत्रिकदृष्ट्या अशक्यच होते. लुई दागेर यांनी १८३८ साली पॅरिसमधील बुलेव्हार द्यु ताँप्ल या रस्त्याचे जे चित्र उंचावरील खिडकीतून घेतले, ते याचे उत्तम उदाहरण होय. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटण्यास तेव्हा काही मिनिटे लागत असत, त्यामुळे त्या वाहत्या रस्त्यावरील घोडागाड्या आणि पादचारी पत्र्यावर मुळीच उमटले नाहीत. उमटला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक मनुष्य. शहराच्या चित्रात माणसाचे पहिले दर्शन घडले ते असे, तो स्थिर राहिला म्हणून. उरलेला सारा रस्ता त्या चित्रात ओसाड दिसतो. जागा मिळाली की माणूस निसटतो आणि माणूस पकडावा तर त्याला जागेवरून उचलून स्थिर बसवावे लागते, हा पेच पुढे अनेक दशके कायम राहिला.

मुंबईत या पेचातून जी वाट काढली गेली ती विशेष विचार करण्याजोगी आहे. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि स्वतः छायाचित्रणात गती असलेले त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. याच संस्थेच्या संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सन हे सरकारी नोकरीतील गृहस्थ होते. विल्यम हेंडरसन यांच्यासह त्यांनी १८५६ ते १८५८ या काळात चित्रांचे एक नियतकालिक चालविले आणि पुढे १८६३ व १८६६ साली लंडनमध्ये मुंबईचे रहिवासी व येथे येणारे-जाणारे लोक यांच्याविषयीचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी ‘वेट कोलोडियन’ पद्धत रूढ होती. काचेवर कोलोडियन नावाच्या चिकट द्रवाचा थर द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि थर सुकण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत रसायनांनी प्रतिमा उघड करावयाची, असा तो सारा खटाटोप दहा-पंधरा मिनिटांत उरकावा लागे. भर बाजारात हे जमणे कठीण असल्याने जॉन्सन यांनी माणसांना एकीकडे बसवून त्यांची चित्रे घेतली, देवालय, वाडा किंवा जलाशय यांची चित्रे दुसरीकडे घेतली आणि छापताना माणसांच्या आकृती त्या देखाव्यांवर बसविल्या.

या जोडचित्रांकडे निरखून पाहिले असता त्यांच्यातील सांधा लपत नाही. माणसांच्या आकाराचे मागील इमारतीशी प्रमाण जुळत नाही, पायांखालची जमीन त्यांचे वजन पेलत असल्यासारखी वाटत नाही आणि अंगावरचा उजेड मागच्या देखाव्यातील उजेडाशी मेळ खात नाही. त्याहून महत्त्वाची बाब चित्राखालील मथळ्यांची आहे. नागर ब्राह्मण, भाटिया, मेमण अशा जमातींच्या नावांखाली ही माणसे मांडली आहेत. ती कोणत्या पेठेत राहत, त्या दिवशी कोणत्या कामावर होती, त्यांना कोण कोणत्या नावाने हाक मारी, यांतले काहीही वाचकाच्या हाती लागत नाही. माणूस त्याच्या जागेतून कापून काढला की त्याचा ‘नमुना’ होतो आणि नमुन्याला जातीचे नाव पुरते. राज्यकर्त्यांना प्रजेची वर्गवारी हवी होती, ही गोष्ट १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांवरून उघड होते. तेव्हा पार्श्वभूमी बदलता येणे ही केवळ तंत्राची अडचण भागविणारी युक्ती नव्हती, तर माणसाकडे पाहण्याची एक रीतही तिच्यात सामावलेली होती.

तुटलेला हा संबंध पुन्हा जुळण्यास विसाव्या शतकातील लहान कॅमेरा कारणीभूत झाला. १९२५ साली जर्मनीत विक्रीस आलेला लायका हा कॅमेरा चित्रपटाच्या पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चालत असे आणि खिशात मावत असे. त्याच्या उपयोगितेचे मर्म ‘डेप्थ ऑफ फील्ड’ या संकल्पनेत आहे. भिंग एका ठरावीक अंतरावर जुळविले तरी त्या अंतराच्या अलीकडचा व पलीकडचा काही पट्टाही सुस्पष्ट येतो, त्या पट्ट्याला हे नाव आहे. भिंगाचे छिद्र जितके लहान आणि भिंग जितके रुंद कोनाचे तितका हा पट्टा मोठा. पस्तीस मिलिमीटरचे भिंग तीन मीटरवर जुळवून छिद्र एफ ८ या मापावर ठेवले, की सुमारे दोन मीटरपासून सात मीटरपर्यंतचे सर्व काही स्पष्ट उमटते. म्हणजेच भुलेश्वरच्या गल्लीत हातगाडीवाला, त्याच्याशी घासाघीस करणारे गिऱ्हाईक आणि त्यांच्या मागील दुकानाची पाटी ही तिन्ही, भिंगाला पुन्हा हात न लावता, एका चौकटीत वाचता येण्याइतकी नेटकी येतात. माणसाला थांबविण्याची गरज उरली नाही आणि जागा सोडण्याचीही उरली नाही.

माणूस आणि जागा एकत्र टिपण्याचा मुंबईतील आरंभीचा उल्लेखनीय प्रयत्न होमाई व्यारावाला यांच्या कामात आढळतो. १९१३ साली नवसारी येथे जन्मलेल्या आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या व्यारावाला पुढे दिल्लीतील राजकीय घडामोडींच्या छायाचित्रकार म्हणून ख्यातनाम झाल्या आणि २०११ साली पद्मविभूषण किताबाच्या मानकरी ठरल्या. परंतु १९४२ साली दिल्लीस जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या सहाध्यायिनींची आणि मुंबईच्या दैनंदिन जीवनाची जी चित्रे घेतली, त्यांत शिकणाऱ्या, हिंडणाऱ्या तरुण स्त्रिया त्यांच्या स्वाभाविक वावरण्याच्या जागी दिसतात. यांपैकी आरंभीची चित्रे त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध झाली, ही नोंदही त्या काळाचे एक दर्शनच आहे.

माणूस आणि जागा यांची गुंफण सर्वाधिक जाणीवपूर्वक केली ती रघुबीर सिंग यांनी. १९४२ साली जयपूर येथे जन्मलेल्या या छायाचित्रकाराचे मुंबईवरील पुस्तक १९९४ साली निघाले. कलाक्षेत्रात कृष्णधवल चित्रालाच प्रतिष्ठा होती आणि रंग हा जाहिरातीचा प्रांत मानला जात होता, त्या काळापासून त्यांनी रंगीत पारदर्शिकांवर, म्हणजे प्रकाश आरपार जाऊन चित्र दाखविणाऱ्या फिल्मवर, हट्टाने काम केले. भारतीय जीवनात रंग हा वरून दिलेला साज नसून पाहण्याचाच अंगभूत भाग आहे, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या चित्रांची बांधणी पाहण्यासारखी आहे. दाराची चौकट, विजेचा खांब, दुकानाची काच किंवा आरसा यांनी ते चित्राचे अनेक कप्पे पाडतात आणि प्रत्येक कप्प्यात स्वतंत्र व्यवहार चालू असतो. १९९१ साली हावड्याच्या पदपथावरील आरशांच्या दुकानाचे त्यांचे जे प्रसिद्ध चित्र आहे त्यात छायाचित्रकाराच्या पाठीमागचा रस्ताही आरशांतून चौकटीत येतो, त्यामुळे पुढचे आणि मागचे असा भेदच राहत नाही. मुंबईच्या चित्रांतही हीच दृष्टी आहे. तेथे कोणी एक नायक नसून डोळ्याला एका व्यवहारावरून दुसऱ्यावर जावे लागते, आणि गर्दीत वाट काढणाऱ्या मुंबईकराच्या नजरेचे वळणही असेच असते.

कृष्णधवल माध्यमातही हा विचार पुढे गेला. केतकी शेठ यांचा ‘बॉम्बे मिक्स’ हा छायाचित्रसंग्रह २००७ साली आला. पटकथालेखिका म्हणून परिचित असलेल्या सूनी तारापोरवाला यांच्या २०१७ सालच्या संग्रहात १९७७ पासूनच्या चाळीस वर्षांची मुंबई आहे. मराठी छायाचित्रकारांपैकी सुधारक ओलवे यांचे महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवरील काम या विवेचनात निराळे स्थान मागते. गटारात उतरलेला, कचऱ्यात गुडघाभर उभा असलेला कामगार त्यांनी दाखविला, तेव्हा ती जागा हेच चित्राचे म्हणणे होते. या माणसाचे चेहऱ्यापुरते चित्र काढले असते तर तो कोणीही वाटला असता, आणि नुसत्या गटाराचे काढले असते तर तो नागरी गैरसोयीचा पुरावा ठरला असता. शहराच्या स्वच्छतेची किंमत कोणाच्या देहावर पडते, हे दोहोंच्या एकत्र येण्यातूनच उमगते. जॉन्सन यांच्या ग्रंथात जात हे माणसाला दिलेले शीर्षक होते. ओलवे यांच्या चित्रांत जात ही कामाच्या जागेतून प्रत्ययास येणारी वस्तुस्थिती आहे.

पार्श्वभूमीचे आणखी एक कार्य काळ गेल्यावर ध्यानात येते. दादर टी. टी. येथील एखाद्या दुकानासमोर उभ्या असलेल्या कुटुंबाचे, तारीख नसलेले एक जुने चित्र हाती आले, असे समजावे. मागे ट्राम धावताना दिसत असेल तर चित्र ३१ मार्च १९६४ च्या नंतरचे असू शकत नाही, कारण त्या दिवशी मुंबईची ट्राम बंद झाली. दुकानाच्या पाटीवर नुसते ‘मुंबई १४’ असेल तर ती पाटी बहुधा १९७२ पूर्वी रंगविलेली आहे, कारण सहा आकडी पिनकोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाला आणि मग तीच जागा ‘४०० ०१४’ झाली. दूरध्वनी क्रमांक आठ आकडी असेल तर पाटी २००२ किंवा त्यानंतरची. छायाचित्र काढणाऱ्याने यांपैकी कशाकडेही लक्ष दिलेले नसते. त्याला कुटुंबाचे स्मरण हवे असते. तरीही साठ वर्षांनी अनोळखी वाचकाशी प्रथम बोलू लागते ती पाटी, आणि तिच्या आधाराने मग माणसांचे पोशाख, त्यांच्या हातातील पिशव्या व पायांतील चपला यांना अर्थ येतो. छायाचित्रकार चिरोदीप चौधुरी यांनी मुंबईतील सार्वजनिक घड्याळांचा अनेक वर्षे चिकाटीने घेतलेला मागोवा याच जाणिवेतून झाला आहे; वर नजर न टाकता खालून जाणाऱ्यांना जे दिसत नाही त्याची ती नोंदवही आहे.

आजच्या स्थितीकडे वळले असता एक विसंगती नजरेत भरते. मोबाइलमधील कॅमेऱ्याचा संवेदक, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, अतिशय लहान असल्यामुळे त्याची डेप्थ ऑफ फील्ड मुळातच मोठी असते. पुढचे-मागचे सारे स्पष्ट यावे ही लायका वापरणाऱ्याला हिशेब करून साधावी लागणारी गोष्ट आता प्रत्येकाच्या हाती आपोआप आलेली आहे. परंतु त्याच यंत्रात ‘पोर्ट्रेट मोड’ नावाची सोय असून ती माणसाची कड गणिताने ओळखते आणि मागचे सर्व काही मुद्दाम धूसर करते. फुलबाजारात काढलेले चित्र त्यामुळे फुलबाजाराचे राहत नाही. जॉन्सन यांना जी जोडणी अडचणीपोटी करावी लागली, तिच्यासारखाच छेद आज सौंदर्याच्या नावाखाली स्वखुशीने दिला जातो आणि तो इतका सफाईदार असतो, की सांधाही दिसत नाही.

पार्श्वभूमी राखण्याचा आग्रह धरताना एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावयास हवा. माणूस त्याच्या जागेसह दाखविला की तो ओळखता येतो, आणि झोपडीच्या दारात, फुटपाथवरील बिऱ्हाडात किंवा न्हाणीघराऐवजी सार्वजनिक नळावर ज्याचे खासगी आयुष्य चालते त्याच्या बाबतीत हे ओळखता येणे त्रासदायक ठरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा निर्वाळा दिला. ज्यांच्या घराला पुरेशा भिंती नाहीत त्यांच्यापुरता हा हक्क रस्त्यावर येऊन थांबतो असे मानणे न्यायाचे होणार नाही. यावरचा उपाय पार्श्वभूमी पुसणे हा नसून संबंध वाढविणे हा आहे. एकाच वस्तीत वारंवार जाणारा, काढलेले चित्र दाखविणारा, नको म्हटल्यावर कॅमेरा खाली घेणारा छायाचित्रकार आणि धावत्या टॅक्सीतून दारिद्र्य टिपणारा पाहुणा यांच्या चित्रांत पडणारा फरक नैतिक तर असतोच, शिवाय तो चित्रात दिसूनही येतो, कारण पहिल्याला जागा माहीत असते.

या विवेचनातून सामान्य नागरिकासाठीही एक कर्तव्य निष्पन्न होते. मुंबईच्या दैनंदिन जीवनाचा मोठा दृश्य ठेवा संग्रहालयांपेक्षा घरोघरच्या अल्बमांत आणि आता मोबाइलमध्ये आहे. अल्बममधील चित्राच्या पाठीवर स्थळ, वर्ष आणि माणसांची नावे पेन्सिलीने लिहून ठेवणे हे पाच मिनिटांचे काम आहे, परंतु ती नावे सांगू शकणारी पिढी हयात असेतोवरच ते होऊ शकते. मोबाइलमधील मूळ चित्राच्या पोटात तारीख आणि बहुधा स्थळही नोंदलेले असते, परंतु व्हॉट्सॲपवरून चित्र म्हणून पुढे पाठविताना ही नोंद गळून पडते, हे पुष्कळांना माहीत नसते. म्हणून मूळ फाइल जपणे आणि नोंद वेगळी लिहून ठेवणे आवश्यक आहे. गिरगाव, लालबाग, दादर येथील वाचनालयांनी आणि सार्वजनिक मंडळांनी आपापल्या विभागातील अशी चित्रे नावानिशी एकत्र केली, तर ज्यांना एकेकाळी जातीच्या मथळ्याखाली नमुना म्हणून मांडले गेले त्यांच्या वारसांकडून शहराचा एक वेगळा ग्रंथ सिद्ध होईल, आणि त्यातील प्रत्येक माणसाला नाव, पत्ता व वर्ष ही तिन्ही असतील.