वेस्ट ऑकलंडचा चषक

लिप्टन हें नांव चहाच्या पुड्यावरून ज्या घरांत पोंचलें नाहीं, असें घर महाराष्ट्रांत विरळाच सांपडेल. परंतु या चहावाल्या सर टॉमस लिप्टननें फुटबॉलसाठीं एक चांदीचा चषक दिला होता, आणि तो कोणा राजधानीच्या श्रीमंत क्लबानें नव्हे, तर उत्तर इंग्लंडांतील एका खेड्याच्या खाण-मजुरांनीं दोनदां जिंकून कायमचा घरीं नेला, ही हकीकत फारशी कोणास ठाऊक नसते. त्या खेड्याचें नांव वेस्ट ऑकलंड. तेथील लोक आजही त्या चषकास अभिमानानें 'पहिला विश्वचषक' म्हणतात. हा अभिमान कितपत साधार आहे, आणि एवढा मान मिळवणाऱ्या हौशी क्लबाला त्याची किंमत काय मोजावी लागली, हें पाहण्यासारखें आहे.

वेस्ट ऑकलंड हें डरहॅम परगण्यांत, बिशप ऑकलंड या बाजारपेठेच्या गांवापासून दोनतीन मैलांवर आहे. मध्यें विस्तीर्ण हिरवळ, तिच्या भोंवतीं घरें, आणि घरांच्या पलीकडे खाणी, असें या गांवाचें जुनें रूप होतें. १८२५ सालीं स्टॉकटन-डार्लिंगटन रेल्वे सुरू झाली, ती याच टापूंतील कोळसा बंदरापर्यंत नेण्यासाठीं. तेव्हांपासून सुमारें सव्वाशें वर्षें या भागाचें सुखदुःख कोळशाशीं बांधलेलें होतें. बाप खाणींत उतरे, मुलगाही शाळा सुटतांच खाणींत उतरे. वर उजेडांत जे थोडे तास मिळत, त्यांत शनिवारच्या दुपारचा फुटबॉल हा सर्वांत मोठा आनंद असे. या गांवांत १८९३ सालीं क्लब स्थापन झाला, त्यामागें याहून निराळें कारण शोधण्याची गरज नाहीं.

या कथेचा सारा पेंच 'हौशी' या एका शब्दांत आहे. म्हणून त्याचा त्या काळचा अर्थ समजून घेतला पाहिजे. इंग्लंडांतील फुटबॉल असोसिएशननें १८८५ सालीं धंदेवाईक खेळाडूंना मान्यता दिली. तेव्हांपासून खेळाडूंच्या दोन जाती झाल्या. धंदेवाईक खेळाडूस पगार मिळे. हौशी खेळाडूस प्रवासाचा व राहण्याचा प्रत्यक्ष झालेला खर्च तेवढा घेतां येई. खेळासाठीं कामाचा खाडा झाला आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली, तर ती भरून घेण्याचा त्याला हक्क नव्हता. विद्यापीठांत शिकलेल्या किंवा वडिलोपार्जित उत्पन्नावर जगणाऱ्या गृहस्थास हा नियम मुळींच जाचक नव्हता. खाण-मजुराची गोष्ट निराळी. त्याचा एक खाडा म्हणजे घरच्या चुलीवरचा तितका भार. तरीही डरहॅमच्या खाणगांवांनीं हौशी फुटबॉल असा जोपासला कीं, पुढें देशांतील हौशी चषक या टापूंतील बिशप ऑकलंड क्लबानें दहा वेळां आणि क्रुक टाउननें पांच वेळां जिंकला. १८८९ सालीं स्थापन झालेली नॉर्दर्न लीग ही त्यांची रणभूमि. वेस्ट ऑकलंड त्या लीगमधलाच एक क्लब होता, आणि तोही काहीं अग्रगण्य नव्हे.

आतां लिप्टनकडे वळूं. ग्लासगोच्या गरीब घरांत जन्मलेल्या या माणसानें १८७१ सालीं पहिलें दुकान थाटलें, १८९० सालीं सिलोनांत चहाचे मळे घेतले, आणि स्वस्त चहा पुड्यांत घालून विकून अपार संपत्ति मिळविली. नौकांच्या शर्यतींचा त्याला भारी नाद. 'अमेरिका कप' जिंकण्यासाठीं १८९९ पासून १९३० पर्यंत त्यानें 'शॅमरॉक' नांवाच्या नौका पांच वेळां उतरवल्या आणि पांचही वेळां तो हरला. स्वतःला एक चषक कधीं न मिळालेल्या या गृहस्थानें दुसऱ्यांना चषक देण्यांत मात्र कधीं हात आंखडला नाहीं. १९०९ सालीं इटलींतील तूरिन शहरीं निरनिराळ्या देशांच्या क्लबांचे सामने ठरले, तेव्हां त्याचा चषक तेथें लागला. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि इटली या देशांतून संघ आले. इंग्लंडच्या असोसिएशननें मात्र या सामन्यांस आपला संघ पाठवला नाहीं. ती जागा भरावयास गेला वेस्ट ऑकलंडचा संघ.

याच खेड्याला आमंत्रण कसें गेलें, याविषयीं एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. आमंत्रण 'वुलिच आर्सेनल' या लंडनच्या नामांकित क्लबास जावयाचें होतें, परंतु 'डब्ल्यू. ए.' या आद्याक्षरांमुळें पत्र चुकून वेस्ट ऑकलंडला गेलें, असें ती सांगते. गोष्ट ऐकावयास गोड आहे, पण तिला लेखी पुराव्याचा आधार नाहीं. शिवाय दोन वर्षांनीं हाच संघ पुन्हा तूरिनला खेळला. एकदां चूक झाली असें मानलें, तरी दुसऱ्या खेपेस ती चूक होती असें कोण म्हणेल? मजुरांचा संघ चुकीनेंच एवढ्या मोठ्या जागीं पोंचावा, या कल्पनेंत लोकांना जी गंमत वाटते, तींतच या आख्यायिकेचें आयुष्य आहे.

१९०९ चा तो वसंत डरहॅमच्या लोकांना सुखाचा नव्हता. फेब्रुवारी महिन्यांत याच परगण्यांतील वेस्ट स्टॅन्ली येथें खाणींत स्फोट होऊन १६८ माणसें व पोरें प्राणांस मुकलीं होतीं. ज्यांच्या हाडापेरांत ही भीति रोजची मुरलेली, अशीं माणसें एप्रिलमध्यें बुटांचे जोड बांधून आल्प्सपलीकडे निघालीं. प्रवासखर्चासाठीं खेळाडूंनीं घरांतील चीजवस्तु विकल्या वा गहाण ठेवल्या, अशी गांवची परंपरा आहे. आठवडाभर खाणीबाहेर राहणें म्हणजे तितकी मजुरी बुडणें, हें तर उघडच होतें.

ईस्टरच्या रविवारीं, ११ एप्रिल रोजीं, त्यांनीं जर्मनीच्या स्टुटगार्टच्या संघाचा दोन गोलांनीं पराभव केला. गंमत अशी कीं, इंग्लंडांत रविवारीं सामना खेळण्यास त्या काळीं असोसिएशनची बंदी होती. दुसऱ्या दिवशीं अंतिम सामना झाला तो स्वित्झर्लंडच्या विंटरथूर संघाशीं, आणि तोही दोन विरुद्ध शून्य असाच जिंकून मजुरांनीं चषक उचलला.

१९११ च्या ईस्टरला ते चषकाचे धनी म्हणून पुन्हा गेले. प्रथम झुरिकच्या संघास त्यांनीं दोन गोलांनीं हरविलें. १७ एप्रिल रोजीं अंतिम सामन्यांत समोर होता तूरिनचाच युव्हेंटस. निकाल लागला सहा विरुद्ध एक. सामने लागोपाठ दोनदां जिंकल्यामुळें चषक कायमचा वेस्ट ऑकलंडचा झाला.

या विजयाचें मोल ठरवतांना तोल सांभाळला पाहिजे. १९११ चा युव्हेंटस म्हणजे आजचा कोट्यधीश युव्हेंटस नव्हे. १८९७ सालीं शाळकरी मुलांनीं काढलेला तो क्लब तेव्हां अवघा चौदा वर्षांचा होता. फुटबॉलांत ब्रिटिश त्या वेळीं युरोपच्या पुष्कळ पुढें होते, आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें त्यांच्या हौशी संघानें डेन्मार्कला हरवून सुवर्णपदक घेतलें होतें. तूरिनलाच १९०८ सालीं निरनिराळ्या देशांच्या क्लबांची एक स्पर्धा होऊन गेली होती. खरा विश्वचषक देशादेशांच्या संघांत १९३० सालीं उरुग्वेंत सुरू झाला. तेव्हां 'पहिला विश्वचषक' हें बिरुद इतिहासाच्या तराजूंत पुरतें उतरत नाहीं. परंतु एवढें वजा घातल्यावरही जें उरतें तें थोडें नाहीं. एका खेड्याचा संघ दोनदां परदेशीं गेला, चार सामने खेळला, चारही जिंकला, आणि त्यांत बारा गोल करून एकच गोल त्यानें स्वतःवर होऊं दिला.

घरीं परतल्यावर मात्र या विजेत्यांच्या स्वागताला कर्ज उभें होतें. दुसऱ्या प्रवासानें क्लबाची पेटी रिकामी झाली होती. चषक कायमचा मिळाला, पण चषकानें देणीं फिटत नाहींत. अखेर गांवांतील 'व्हीटशीफ' या खाणावळीच्या मालकिणीकडून चाळीस पौंड घेऊन तो तिच्या स्वाधीन करण्यांत आला. ज्यासाठीं घरोघरच्या वस्तु गहाण पडल्या होत्या, तीच वस्तु शेवटीं गहाण पडली. एवढ्यानेंही क्लब सांवरला नाहीं. १९१२ सालीं तो मोडला. महायुद्धाच्या तोंडावर त्याची पुन्हा जुळवाजुळव झाली, पण चषक कांहीं परत आला नाहीं.

यांत दोष कोणाला द्यावा? असोसिएशनला द्यावा, तर तिनें नियम सर्वांना सारखाच लावला होता. परंतु सर्वांना सारखा असलेला नियम सर्वांना सारखा पेलतो असें नाहीं. ज्याला सवड आणि पैसा दोन्ही आहेत, त्याला निरपेक्ष खेळणें सोपें जातें. ज्याला दोन्ही नाहींत, तो निरपेक्ष खेळतो तेव्हां आपल्या संसारांतून कर भरून खेळत असतो. पुढें कित्येक हौशी क्लब खेळाडूच्या बुटांत गुपचुप नाणीं सारीत; त्या लबाडीचें मूळ याच विषमतेंत होतें. शेवटीं १९७४ सालीं असोसिएशननें हौशी व धंदेवाईक हा भेदच काढून टाकला, आणि हौशी चषकाचे सामनेही त्याच वर्षीं संपले.

त्यापूर्वीं या हौशी फुटबॉलनें वैभवाचे दिवस मात्र पाहिले. १९५१ सालीं वेंब्ले येथें हौशी चषकाचा अंतिम सामना पाहण्यास एक लाख प्रेक्षक लोटले होते. १९५८ च्या फेब्रुवारींत म्यूनिक येथील विमान-अपघातांत मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू मरण पावले, तेव्हां त्या नामवंत धंदेवाईक क्लबाच्या मदतीस बिशप ऑकलंडचे तीन हौशी खेळाडू धांवून गेले. याच वातावरणांत वेस्ट ऑकलंडनेंही पुन्हा मान वर केली. १९६० सालीं गांवानें वर्गणी जमवून त्या जुन्या मालकिणीस गांठलें. ती आतां लिव्हरपूलला राहत होती. शंभर पौंड मोजून चषक सोडवून आणण्यांत आला. चाळीसाचे शंभर झाले होते; परंतु जवळजवळ अर्ध्या शतकानें दागिना घरीं येत असतां हिशेब कोण करीत बसतो? लगेच पुढच्या वर्षीं, १९६१ सालीं, क्लब हौशी चषकाच्या अंतिम सामन्यासाठीं वेंब्लेवर उतरला. वॉल्थमस्टो अव्हेन्यू या संघाकडून तो दोन विरुद्ध एक असा हरला. चषक परत आल्याच्या पाठोपाठ गांवाला लाभलेला तो दिवस हार झाली म्हणून उणा ठरला नाहीं.

१९८२ सालीं ही कथा ब्रिटिश टेलिव्हिजनवर चित्रपटाच्या रूपानें आली आणि खेड्याबाहेरच्यांनाही माहीत झाली. पण दैवानें आणखी एक घाव राखून ठेवला होता. १९९३ च्या डिसेंबरांत सुंदरलंडची वेअरमाउथ खाण बंद झाली, आणि डरहॅमच्या कोळसापट्ट्यांतील खोल खाणींचा शेवट झाला. त्यानंतर महिना-दीड महिन्यांतच, १९९४ च्या जानेवारींत, वेस्ट ऑकलंडच्या कामकरी क्लबांतून तो चषक चोरीस गेला. खाणी गेल्या आणि खाणवाल्यांनीं मिळवलेली खूणही गेली. या दोन घटनांचा एकमेकींशीं कांहीं कार्यकारणसंबंध नाहीं. तथापि तो हिंवाळा ज्यांनीं त्या टापूंत काढला, त्यांना दोन्ही एकाच दुःखाच्या बाजू वाटल्या असतील तर नवल नाहीं.

मूळ चषक पुन्हा मिळाला नाहीं. त्याची हुबेहूब प्रतिकृति करून घेण्यांत आली आणि तीच गांवांत जपली जाते. २०१३ सालीं गांवच्या हिरवळीवर त्या विजयी खाण-मजुरांच्या स्मरणार्थ पुतळाही उभा राहिला. क्लब तर खेळतोच आहे. बिगर-लीग क्लबांच्या 'व्हाज' स्पर्धेंत २०१२ आणि २०१४ अशा दोन्ही सालीं त्यानें वेंब्लेच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. पहिल्या वेळीं डन्स्टनकडून, दुसऱ्या वेळीं शोलिंगकडून तो हरला.

एका लहान गांवच्या क्लबाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे सामान्यतः वर्गण्यांचा, चिखलाच्या मैदानांचा आणि विसरलेल्या सामन्यांचा हिशेब मांडावयाचा. वेस्ट ऑकलंडच्या हिशेबांत एक चषक आला, म्हणून जगानें त्याच्याकडे पाहिलें. परंतु चषक प्रथम गहाण पडला, मग सोडवला गेला, मग चोरीस गेला. आणि या प्रत्येक प्रसंगानंतर गांवांत फुटबॉल चालूच राहिला. मोडलेला क्लब पुन्हा उभा करणारे, दाराशीं येऊन वर्गणी गोळा करणारे, शनिवारीं दुपारीं मैदानाच्या कडेला उभे राहणारे लोक होते, म्हणूनच चषक सोडवून आणण्यास कोणी उरलें होतें. चांदीची वस्तु एका रात्रींत नाहींशी होऊं शकते. तिच्यासाठीं शंभर पौंड जमवणारें गांव घडावयास मात्र कित्येक पिढ्या लागतात.