आकाशातला पहारेकरी आणि दर्यावरचा माणूस



विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आवाजाच्याही पुढे धावणारे लढाऊ विमान उभे राहते. आज आम्ही बोलणार आहोत ते एका साध्या, दोन एंजिनांच्या, पंख्यांवर चालणाऱ्या विमानाविषयी. त्याचे नाव डॉर्निअर २२८. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण वाचनालयात आणि गेटसभेत झाले. त्यामुळे कोणतेही यंत्र पाहिले की ते घडवले कोणी, चालवतो कोण आणि उपयोगी पडते कोणाच्या, हे तीन प्रश्न आम्ही आधी विचारतो.

हे विमान १९८१ साली जर्मनीत प्रथम उडाले. १९८३ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवाना घेतला आणि कानपूरच्या कारखान्यात आपले कामगार ते बांधू लागले. मुळात ते एकोणीस उतारूंचे. गस्तीसाठी उतारूंच्या जागी यंत्रे आली, पोटाखाली रडार बसले. पंख धडाच्या वर असल्याने खिडकीतून खालचे पाणी मोकळे दिसते. संथ उडता येणे हा इथे दोष नव्हे, गुण आहे. कारण रडार दाखवते तो नुसता ठिपका. तो ठिपका कोणाचा, हे खाली उतरून माणसाच्या डोळ्यानेच ठरवावे लागते.

१९९९ च्या ऑक्टोबरात इंडोनेशियाजवळ चाच्यांनी ‘अलोंड्रा रेनबो’ हे ॲल्युमिनियमने भरलेले जहाज पळवले आणि नाव पुसून ‘मेगा रामा’ असे रंगवले. नोव्हेंबरात आपल्या तटरक्षक दलाच्या विमानाने ते अरबी समुद्रात हेरले. मग ‘ताराबाई’ ही गस्ती नौका आणि नौदलाची ‘प्रहार’ यांनी पाठलाग करून ते पकडले आणि मुंबईला आणले. बराच माल सापडला. पण त्या जहाजावरच्या सतरा खलाशांचे काय? त्यांना चाच्यांनी तराफ्यावर सोडून दिले होते. सुमारे दहा दिवस ते लाटांवर होते. त्यांना वाचवले ते थायलंडच्या मच्छीमारांनी!

दुसरी गोष्ट आपल्या शेजारची. २४ मार्च २०१५ च्या रात्री गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर नौदलाचे डॉर्निअर समुद्रात कोसळले. लेफ्टनंट किरण शेखावत यांच्यासह दोन अधिकारी गेले. तिसऱ्याला पाण्यातून काढले ते मासेमारी बोटीवरच्या माणसांनी. वादळाच्या आधी हीच गस्तीची विमाने मच्छीमारांना परत फिरण्याचा इशारा देत हिंडतात. म्हणजे वरचा खालच्याला राखतो आणि वेळ आली की खालचा वरच्याला.

हे ध्यानात ठेवण्याचे कारण सांगतो. २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोट पळवून आले. तेव्हापासून बोटींना ठराविक रंग आले, मच्छीमारांना ओळखपत्रे आली, तपासण्या वाढल्या. सुरक्षेसाठी हे हवेच. आम्ही त्याला विरोध करत नाही. परंतु प्रत्येक बोट म्हणजे संशयाचा ठिपका, अशी दृष्टी जडली तर ती घातक होईल. त्या हल्ल्याचे पहिले बळी ‘कुबेर’वरचे तांडेल आणि खलाशीच होते, हे आपण किती लवकर विसरलो!

विमान काही तास फिरते आणि तेल संपत आले की परतते. कोळी रात्रभर तिथेच असतो. परकी होडी, तेलाचा तवंग, बुडणारा माणूस त्याला आधी दिसतो. मग त्याच्या हाती चालू बिनतारी यंत्र हवे, त्याच्या बातमीला उत्तर देणारा माणूस किनाऱ्यावर हवा, आणि बातमी देण्यात बुडालेल्या दिवसाची भरपाईही हवी. पहाऱ्याचे काम घ्यायचे आणि पहारेकरी म्हणून मानायचे नाही, हा व्यवहार कोणत्याही कारखान्यात आम्ही चालू देणार नाही. दर्यावर तरी तो का चालावा?

कानपूरचा कामगार, विमानातला निरीक्षक आणि होडीवरचा तांडेल ही एकाच पाळीची माणसे आहेत. त्यांची हजेरी एकाच पटावर लागावी, एवढेच आमचे मागणे आहे.