दुर्बिणीची पहिली रात्र
(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आकाशाचा विषय निघाला की आपल्या भागात सर्वांचे लक्ष खोडदकडे जाते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ती रेडिओ दुर्बीण आपल्या अंगणातच आहे. परंतु तेथे भिंगाला डोळा लावून कोणी बसत नाही. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी तेथे टिपल्या जातात. हे सांगितले की मुले थोडी हिरमुसतात. त्यांना डोळ्यांनी पाहावयाचे असते. त्यासाठी दोन नळ्यांची साधी दुर्बीण पुरते.

तिच्यावर ‘७ × ५०’ असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल तो, दुसरा पुढील भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. दहा पटींची दुर्बीण मुलांच्या हातांत फार हालते; सात पटींची बरी. कोपरे शाळेच्या कठड्यावर टेकवावीत. सूर्य पुरता मावळल्यावाचून मात्र ती कोणाच्याही हाती देऊ नये. तिच्यातून सूर्याकडे पाहिल्यास डोळा कायमचा जाऊ शकतो.

माझी पहिली खेप फसली. मी कोजागरीची रात्र निवडली होती. चांदण्यात तारे बुजले आणि पूर्ण चंद्रावर सावल्या नसल्यामुळे विवरेही उठून दिसेनात. चंद्र पाहावयाचा तो अष्टमीच्या सुमारास.

दुसऱ्या खेपेस माघातील अमावास्या गाठली. आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरांतली एक शाळा. बॅटऱ्या, मोबाईल बंद करून वीस मिनिटे अंधारात बसलो. मृग नक्षत्र उंच आले होते. एका मुलीने विचारले, “मग जूनमध्ये मृग लागतो तेव्हा हे का दिसत नाही?” शेतकऱ्याच्याच मुलीला सुचावा असा प्रश्न! त्या वेळी सूर्य त्या नक्षत्रात असतो, म्हणून ते दिवसा सूर्याबरोबर असते, हे तिला समजावले.

मग कृत्तिका दाखविल्या. त्यांचा आज दिसणारा प्रकाश सुमारे ४४० वर्षांपूर्वी निघालेला, म्हणजे १६३० साली शिवनेरीवर शिवजन्म झाला त्याच्याही आधीचा. नुसत्या डोळ्यांनी मुलांनी सहा तारे मोजले. चौथीतील एक मुलगा मात्र म्हणाला, “गुरुजी, तिथं काहीच नाही.” मला ती थट्टा वाटली. तरीही दुर्बीण दिली व मधले चाक दाखविले. त्याने ते इतरांहून कितीतरी अधिक फिरविले, आणि एकदम गप्प झाला. पुटपुटत मोजू लागला. वीसच्या पुढे गेला. दुर्बीण खाली घेऊन आकाशाकडे पाहिले, पुन्हा लावली. “गुरुजी, सगळ्यांना असंच दिसतं का?”

सकाळी त्याला वर्गात शेवटच्या रांगेत उभे केले. फळ्यावरील एकही अक्षर त्याला वाचता येईना. आधल्या वर्षी तपासणीच्या वेळी त्याच्याविषयी ‘लक्ष नसते’ असा शेरा मीच लिहिला होता. महिन्याभरात त्याला चष्मा मिळाला. तो शेरा मात्र त्या वहीत अद्याप आहे.

दुर्बिणीचे चाक लघुदृष्टीचा दोष बऱ्याच अंशी भरून काढते. म्हणून एकाने जुळविलेली दुर्बीण दुसऱ्यास तशीच देऊ नका. प्रत्येकाला स्वतः जुळवू द्या. उजव्या डोळ्याचे भिंग बहुधा वेगळे फिरते, तेही दाखवा. माझ्याकडील दुर्बीण ज्यांना हवी असेल त्यांनी अमावास्येच्या आठवडाभर आधी कळवावे. परत देताना, चाक कोणत्या मुलाने फार फिरविले, त्यांची नावेही लिहून आणावीत.