डॉक्टर असमाधानी का?

(येरमाळा येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



वैद्यकीय प्रवेश मिळविलेल्या मुलामुलींचा आताच आपण सत्कार केला. अशा वेळी कडू बोलतो, याची क्षमा असावी. ज्या व्यवसायासाठी आपण शेत विकावयास निघतो, त्यात शिरलेली कित्येक माणसे आज सुखी नाहीत.

पुण्याच्या ‘साथी’ संस्थेतर्फे डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचा वृत्तांत २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील दुःख पैसा अपुरा पडतो हे नव्हे. रोगी दुसरीकडे पाठविल्याबद्दल मिळणारी दलाली आणि मोठ्या रुग्णालयांनी ठरवून दिलेली कमाईची उद्दिष्टे, यांमुळे शिकलेली विद्या मनासारखी वापरता येत नाही, हे ते दुःख.

माझा एक जुना विद्यार्थी डॉक्टर आहे. तो म्हणाला, “गुरुजी, रोगी समोर बसला की आधी बँकेचा हप्ता आठवतो.” देणग्यांना बंदी करणारा कायदा राज्यात १९८७ सालीच झाला, पण खाजगी महाविद्यालयांचे शुल्क आणि पुढे दवाखान्याचे कर्ज यांतून सुटका कोठे आहे? आणि रोग्यालाही हा हप्ता दिसतोच. मग संशय वाढतो, हात उठतो. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० साली कायदा करावा लागला. तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टरास जबर मारहाण झालीच.

याउलट डॉ. हिम्मतराव बावस्कर पाहा. जालना जिल्ह्यातील देहेडचे, म्हणजे आपल्या मराठवाड्याचेच. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाने दगावणारी माणसे पाहून त्यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध योजले. ‘लॅन्सेट’मध्ये त्याची वार्ता १९८६ साली आली. २०१३ साली एका तपासणी केंद्राकडून रोगी पाठविल्याबद्दल १२०० रुपयांचा धनादेश आला, तो त्यांनी परत करून वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. २०२२ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. पण असा धनादेश नाकारण्याचे बळ डोक्यावर कर्ज असणाऱ्या मुलात कोठून यावे? ते कर्ज बहुधा आपणच, त्याला न विचारता, काढलेले असते.

म्हणून कार्यकारी मंडळास माझी सूचना आहे. हारतुऱ्यांचा खर्च वाचवून वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी बिनव्याजी कर्जनिधी उभारावा. आणि डॉक्टर मुलाचे लग्न ‘सासऱ्याने दवाखाना बांधून द्यावा’ या बोलीवर ठरविणाऱ्या पित्यास या व्यासपीठावर बोलावू नये. निधीसाठी माझे १००१ रुपये मी आताच कोषाध्यक्षांच्या हाती दिले आहेत.