वाचनालयात आपल्या मागणीचं पुस्तक

बारामती-इंदापुरात बचत गटांच्या बैठकीत आम्ही विचारतो, "वाचनालयात कोण जातं?" एखादाच हात वर होतो.

1967 च्या कायद्यानुसार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळतं. त्यातून पुस्तकं घेतली जातात. आपण मागितलंच नाही, तर कपाट आपल्याविना भरतं.

म्हणून आधी सभासद होऊ. बैठकीत यादी करू: शेळीपालन, डाळिंबावरचे रोग, सातबारा, लेकींच्या स्पर्धा परीक्षा आणि मन रमवणाऱ्या कादंबऱ्याही. यादी ग्रंथपालांना लेखी देऊ, पोच घेऊ. जुनी फाटकी क्रमिक पुस्तकं देणगीत देऊ नका. त्यांनी जागा अडते. नेलेलं पुस्तक वेळेवर परत करा, शेजारणीलाही ते हवं असतं. आणि रानातून परतल्यावर जाता येईल अशी वाचनालयाची वेळ मिळून मागू या.