रक्तविकारांचा अभ्यास आणि गुरूचा सहवास



आंबा नदीच्या काठी वसलेल्या नागोठण्यासारख्या गावी नव्यानेच रुजू झालेल्या एखाद्या तरुण डॉक्टराची क्षणभर कल्पना करा. समोर फिकट चेहऱ्याची एक स्त्री बसली आहे. पाण्याची कळशी उचलली की तिला धाप लागते. लोहाच्या गोळ्या ती नेमाने घेत आहे, तरी अंगी रक्त म्हणून धरत नाही. अशा प्रसंगी काय करावे हे पुस्तकात लिहिलेले असते. किंबहुना फारच लिहिलेले असते. लोहाची उणीव, अंकुशकृमी, हिवताप, थॅलॅसेमियाचा आनुवंशिक अंश, सिकल पेशींचा दोष, या सर्वांचे बाह्य रूप एकच, आणि ते म्हणजे फिकेपणा. यांपैकी प्रथम संशय कोणाचा घ्यावा हे सांगणारा मनुष्य मात्र पुस्तकाच्या पानांत भेटत नाही. आज मला बोलावयाचे आहे ते या मनुष्याविषयी.

रक्तविकारांची विद्या ही मोठी विलक्षण विद्या आहे. हृदयाची धडधड कानाला ऐकू येते, मोडलेले हाड हाताला लागते. रक्त मात्र काचेच्या पट्टीवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावाचून बोलत नाही. आणि तेथेही ते सर्वांशी सारखे बोलत नाही. त्याच पट्टीवर नवख्यास नुसते तांबडे ठिपके दिसतात, तर अनुभवी नजरेला पेशींचा लहानमोठेपणा, त्यांचा उडालेला रंग, एखादी विळ्यासारखी वाकलेली पेशी दिसते. ही नजर शेजारी बसूनच मिळते.

मुंबईतील दोन उदाहरणे या संबंधात सांगण्याजोगी आहेत. 1928 साली डॉ. लूसी विल्स नावाच्या एक इंग्रज विदुषी मुंबईस आल्या आणि हाफकिन संस्थेत राहून गर्भवती स्त्रियांच्या एका घातक पांडुरोगाचा शोध घेऊ लागल्या. कापडगिरण्यांच्या या शहरात गरीब स्त्रियांना तो विशेष ग्रासत असे. त्यांचे 1931 सालचे संशोधन जगप्रसिद्ध आहे. मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने हा रोग हटतो हे त्यांनी दाखविले, आणि ज्या अज्ञात द्रव्याला पुढे विल्स यांचेच नाव मिळाले ते म्हणजे आजचे फोलिक अॅसिड होय. परंतु मला अधिक महत्त्वाचे वाटते ते 1930 सालच्या निबंधांवरील नावांचे. विल्स यांच्या जोडीला एका निबंधावर मेहता हे नाव आहे आणि दुसऱ्यावर तळपदे. हा दुसरा निबंध मुंबईच्या स्त्रियांचा आहार व त्यांची राहणी यांच्या पाहणीचा आहे. म्हणजे रोगाचे मूळ प्रयोगशाळेइतकेच चुलीपाशीही शोधले जात होते, आणि त्या कामाचे श्रेय येथील सहकाऱ्यांच्या नावानिशी छापले गेले. आपल्याकडे वरिष्ठांचे नाव मोठ्या अक्षरांत आणि राबणाऱ्याचे आभारांच्या यादीत, अशी रीत पुष्कळ ठिकाणी दिसते; म्हणून हे मुद्दाम सांगितले.

दुसरे उदाहरण 1952 सालचे. मुंबईत डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांच्यासमोर असे रक्त आले की ते प्रचलित गटांपैकी कोणत्याच गटात बसेना. वरवर ते ओ गटाचे. पण ओ गटाचे रक्त त्यात मिसळताच पेशींच्या गुठळ्या होत. कंटाळलेल्या मनुष्याने ‘चाचणीत चूक झाली’ असे लिहून नळी धुऊन टाकली असती! या मंडळींनी तसे केले नाही. लंडनच्या रेस व सँगर या अधिकारी जोडीचे साहाय्य घेऊन त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तोच आज जगभर ‘बाँबे’ नावाने ओळखला जाणारा रक्तगट. ओ गटाच्या पेशींवरही जो एच नावाचा मूळ घटक असतो, तोच या लोकांच्या पेशींवर नसतो. युरोपात तो अत्यंत विरळ. मुंबईत मात्र पुढे केलेल्या मोजणीत सुमारे 7,600 माणसांत एक असा आढळला. 1957 साली मुंबईत रक्तगटांचे संदर्भ केंद्र निघाले. त्याचीच पुढे राष्ट्रीय संस्था झाली, आणि के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील त्या संस्थेची धुरा याच डॉ. भाटियांनी वाहिली.

यातून शिकाऊ डॉक्टराने उचलावयाची गोष्ट अगदी व्यवहारातली आहे. रुग्णाच्या केवळ पेशी तपासल्या तर बाँबे गट ओ म्हणून निसटतो. त्याचा रक्तद्रव ओ पेशींशी ताडून पाहिला तरच तो पकडला जातो. घाईच्या रात्री ही दुसरी चाचणी गाळण्याचा मोह होतो, आणि त्या रात्री चढविलेली ओ गटाची बाटली जीव घेऊ शकते. वडीलधारा शिक्षक असतो तो अशा रात्रीसाठी.

नागोठण्याकडे याची निकड शहराहून कमी नाही, कदाचित अधिकच आहे. रायगडच्या भातखाचरांतून फुरसे व घोणस वावरतात, आणि त्यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. त्याची परीक्षा फार सोपी आहे. दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालून वीस मिनिटे न हलविता ठेवावे आणि मग ती नळी कलती करावी. पण नळी प्लास्टिकची असली, किंवा साबणाच्या पुडीने धुतलेली असली, तर निरोगी रक्तही गोठत नाही आणि डॉक्टर फसतो. तसेच हिवतापावर प्रायमाक्विन देताना, रुग्णाच्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचे विकर कमी असेल तर त्या फुटू लागतात. औषध देताना ‘लघवी काळसर झाली तर गोळ्या थांबवून लगेच ये’ एवढे एक वाक्य रुग्णास सांगावयाचे असते. ते कोणी तरी आधी डॉक्टरास सांगितलेले असावे लागते.

आज फोनवरून काचपट्टीचे छायाचित्र क्षणात मुंबईस पोहोचते, हे खरे. परंतु रात्री दोन वाजता ते कोणास पाठवावे हा प्रश्न यंत्राने सुटत नाही. ‘एवढेही कळत नाही?’ असे ऐकण्याच्या भीतीने कित्येक तरुण विचारीतच नाहीत; आणि ज्येष्ठांच्या कामाच्या नोंदवहीत शिकविण्याचे तास सहसा कोठे मांडलेलेच नसतात. माझी सूचना साधी आहे. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या डॉक्टरास महिन्यातून दोन दिवस मोठ्या प्रयोगशाळेत बसू द्यावे, ते दिवस रजेत धरू नयेत. आणि त्या प्रयोगशाळेतील ज्येष्ठांनी वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्यात एकदा, नागोठण्यासारख्या ठिकाणी जाऊन तेथल्या टेबलापाशी, तेथल्याच सूक्ष्मदर्शकातून, तेथल्या काचपट्ट्या त्या डॉक्टराबरोबर पाहाव्यात.